आऱ्यावर जो इशारा नव्हता

मामाजी, पियू आजबी उठल्या उठल्या ओट्यावर गेली आन् दोन्ही तळहात फरशीवर टेकवून बसली. तोंड धुतलं नाई, चहा नाई, काईच नाई. काऊन बसते ते तुमाले सांगाची गरज नाई. लाकूड कापाचा आरा चालू झाला की आपला ओटा थरथरते, भितबी थरथरते, आन् थरथरलं की ही पोरगी उठून तुमच्याकडं पळे. आता थरथरत नाई तरी बसते. मी उचलून आनते, मांडीवर घेते, पुन्हा हात सोडवून जाते. शेजारच्या बाया म्हनतात, लहान हाये, इसरून जाईन. मले त नाई वाटत. माझ्या नातीले इसरता येत नाई, असं तुमीच सगळ्या गावाले सांगत होते.

तेरवी झाली, पाहुने आपापल्या गावाले गेले, मांडव सोडला, आन् तुमच्या सुनेले अजून त्या लेकराले एवढं सांगता आलं नाई की तुझा आजा आता येत नाई. कसं सांगू? जिले ऐकू येत नाई, बोलता येत नाई, जिले फक्त तुमचे आऱ्यावरचे हाताचे इशारे समजतात, तिले मरन कसं सांगाचं हे मी कोनाले इचारू? तुमाले इचारलं असतं. तुमी दोन बोटं हालवून सांगून मोकळे झाले असते. पन तुमीच नाई, हेच त सांगाचं हाये.

त्या दिवशी तुमाले अंगनात ठेवलं होतं. बाया रडून राह्यल्या होत्या, आत्याबाई तुमच्या पायाशी बसल्या त्या उठत नव्हत्या, आन् पियूनं बापाचा सदरा ओढला, हात उलटा करून इचारलं, काय झालं? तुमच्या लेकाले काई सुचलं नाई. त्यायनं दोन्ही हात पालथे केले आन् सावकाश खाली आनले. बंद. संध्याकाळी तुमी करत होते ना, मशीन बंद, चाला घरी, तोच. पियूनं पाह्यलं, मान हालवली, तुमच्या गळ्यातला हार जरा सरळ केला आन् घरात जाऊन झोपली. तिच्या हिशोबानं सगळं बरोबर होतं. बंद म्हनजे उद्या सकाळी चालू. जल्मल्यापासून तिनं दुसरं पाह्यलंच नाई. यायचा, तुमच्या लेकाचा, दोष नाई, रडता रडता हाताले जे आलं ते केलं. पन तवापासून पोरगी सकाळची वाट पाहून राह्यली मामाजी, आन् सकाळ त रोजच होते.

मी चिखलीकडची. आमच्या गावात सगळ्यात मोठा आवाज म्हनजे पिठाची चक्की. लग्न होऊन आली आन् दुसऱ्याच दिवशी सकाळी आरा चालू झाला, माझ्या हातातून चहाचं गंज पडलं. मले वाटलं घराखालची जमीनच फाटून राह्यली. आत्याबाई सासू असून एवढ्या हासल्या. म्हने, "आरा हाये व माय, वाघ नाई." तुमी तिकडून दुपट्ट्यानं कान बांधलेले आले, सांडलेला चहा पाह्यला, परत गेले. मी तवा तुमाले भेली होती. उंच मानूस, भुवयांवर भुसा बसलेला, बोलनं वरडून. मले वाटे रागानं बोलतात. तुमाले सोताचाच आवाज ऐकू येत नाई म्हनून वरडतात, हे समजाले मले लय दिवस लागले.

तुमी सांगत होते, पहिले जळगाव जामोदच्या रस्त्यानं आरेच आरे होते. सातपुड्यातून लाकूड उतरे, बैलगाड्यायची रांग लागे, एका गावचा आरा बंद झाला की दुसऱ्या गावचा ऐकू ये. मी आली तवरोक आपला एकच राह्यला होता, आन् तोबी रोज चालत असला तरी पोटभर नाई. लोक आता लोखंडी चौकटी लावतात, प्लायवूडचे दारं नांदुऱ्याहून आनतात. तरी कोनाची बाभूळ वाऱ्यानं पडली, कोनाले पोरीच्या लग्नात दिवान द्याचा हाये, कोनाच्या गाडीचं जू मोडलं, की येत आपल्याच फाटकात. बाया शेगडीसाठी भुसा न्याले पोते घेऊन येत आन् फुकटचा भुसा भरता भरता सगळ्या गावच्या गोष्टी मले सांगून जात. मी नवी होती, मले तेवढाच इरंगुळा. तुमी घरात शिरले की आज काय कापलं ते मले वासावरून समजे. निंब असला की कडू, आंबा असला की आंबूस, साग असला की तेलकट. भाकरीतबी भुसा, गादीतबी भुसा. मी किती कुरकुर केली त्या भुशासाठी. परवा तुमची बंडी धुवाले काढली, झटकली, खिशातून चिमूटभर पडला. मी झाडला नाई. तिथीच हाये.

पियू झाली आन् मी तिले घेऊन माहेराहून आली, तवाची गोष्ट. तुमी दुपारी आरा बंद ठेवाले लागले. गिऱ्हाईक लाकूड घेऊन बसून राहे. तुमच्या समोरच्या बाजूनं फळी धरनारे युसूफचाचा चिडवत, "बड़े भाई, आरा है के बालवाडी?" आन् तुमी म्हनत, "नात झोपली बे. तूबी झोप." सगळ्या रस्त्याले ऐकू जाईन एवढ्या मोठ्यानं म्हनत, नात झोपली.

आन् नातीले त काई ऐकूच येत नव्हतं.

किती दिवस आपल्याले समजलं नाई, कोनाले सांगाची लाज वाटते. पन समजनार कसं? आपल्या घरात सगळे एकत वरडून बोलतात नाईतर हातानं. हाक मारली आन् ती आली नाई, त आमाले वाटे आऱ्याच्या आवाजात गेलं नसन ऐकू. बोलत नव्हती, त आत्याबाई म्हनत, "आऱ्याजवळचे लेकरं उशिरानंच बोलतात, इचा बाप का कमी मुका होता?" आन् आरा चालू झाला की पोरगी जिथी असन तिथून फाटकाकडं धावे. सगळे म्हनत, पाहा, आवाज ओळखते आज्याच्या मशीनीचा. तिले फरशी सांगत होती, तिच्या तळपायाले. हे दुसऱ्या कोनाच्या घरात झालं असतं त कवाचंच ध्यानात आलं असतं. आऱ्यावाल्यायच्याच घरात असं होऊ शकते.

एक दिवस दुपारी लाइन गेली. आरा बंद, पंखा बंद, सगळं चिडीचूप. पियू माझ्याकडं पाठ करून डब्याच्या झाकनासंगं खेळत होती. फळीवरून मी पितळी गुंड काढाले गेली आन् ती निसटली, घरंगळत दारापर्यंत गेली. अंगनातलं कुत्रं पळालं. आत्याबाई झोपेतून उठून बसल्या. पियूनं मानबी नाई वळवली. मी तिथीच उभी. मंग मी दुसरं भांडं मुद्दाम पाडलं. मंग तिसरं. आत्याबाई म्हनल्या, "अव काय भांडे फोडतं, येडी झाली का?" मी फक्त पोरीच्या पाठीकडं पाहून राह्यली होती.

अकोल्याच्या डॉक्टरकडून आलो त्या दिवशी तुमी भुशाच्या ढिगावर बसले होते. यायनं तुमाले सांगितलं. तुमी युसूफचाचाले म्हनले, "मंग मी दुपारचा आरा काऊन बंद ठेवत होतो बे?" चाचा हासले, तुमीबी हासले, आन् हासता हासता दुपट्ट्यानं डोये पुसाले गेले त दुपट्ट्यातला भुसा डोयात गेला, आन् डोये अजूनच लाल झाले. मी दारातून पाहत होती.

त्या वक्ती मले तुमाले एक सांगाचं होतं, ते राहून गेलं. त्या दुपारी पियू कधी झोपतच नव्हती मामाजी. टुकुटुकु आढ्याकडं पाहत राहे. झोपत होती त मी. माझं अंग दुखे, टाके दुखत, रात्रभर ती जागवे, आन् दुपारी तुमी मशीन बंद केली की मी जशी मरून पडे. तेवढ्या झोपेवर मी जगली. सून झोपली म्हनून कोनता सासरा आरा बंद ठेवीन, आन् कोनती सून सासऱ्याले असं तोंडानं सांगीन? तुमाले माहीत होतं का? मले कधी कधी वाटते, माहीत होतं.

आन् मंग आपलं भांडन. तेबी अर्धंच राह्यलं.

अकोल्याहून कानातली मशीन भेटली, तिथल्या मॅडम म्हनल्या, लेकरासंगं बोलत राहा, तोंड दाखवून बोला, हातवारे कमी करा. मी आठवी शिकलेली, मले जेवढं समजलं तेवढं मी गाठीले बांधलं. अन् घरी येऊन पाहते त तुमी पोरीले आऱ्यावरच्या लाकडावर बसवून शिकवून राह्यले. मूठ वर, म्हनजे थांब. दोन बोटं व्हटाले, म्हनजे चहा. कपाळाले हात लावून टोपी दाखवली, म्हनजे फॉरेस्टवाले आले. पंजा गदागदा हालवला, म्हनजे पात्याचा पट्टा सरकला, आन् तोच इशारा आत्याबाईचा. आत्याबाई समोरून आल्या की तुमी पंजा हालवत आन् पियू खिदळे. आत्याबाईले समजलं तवा त्यायनं तुमाले दोन दिवस कोरडी भाकर वाढली.

मी दाराआडून म्हनलं होतं, "मामाजी, मॅडमनं हातवारे नोको म्हनलं. अशानं तिले बोलाची गरजच नाई पडनार."

तुमी म्हनले, "पोरगी बोलन तवा बोलन. तवरोक काय उपाशी राहीन?"

"उपाशी कोन ठेवून राह्यलं तिले?"

"पोटानं नाई म्हनत मी."

मले राग आला. मी म्हनलं, "उद्या शाळेत गेली त पोट्टे मुकी म्हनून चिडवतीन."

"आमालेबी सगळे बहिरे म्हनतात. चौकटी त आमच्याकडूनच नेतात ना?"

तरी माझा हेका सुरूच. मी कानातली मशीन तिच्या कानात घाले, ती काढून भुशात लपवे. मी तोंडापुढं तोंड नेऊन म्हनत राहे, आई म्हन, आ-ई. ती माझ्या व्हटाकडं पाहे, आन् मंग खिडकीतून तुमच्या हाताकडं पाहे. मले लय वाईट वाटे. माझ्या पोटची, आन् तुमच्यासंगं दिवसभर गप्पा, माझ्यासंगं काईच नाई. ती तुमाले काय सांगते, तुमी तिले काय सांगता, मले सगळं परक्याच्या गावावानी. मी शिकली नाई ते इशारे. हट्टानं नाई शिकली. आन् मामाजी, मी अजूनबी हारली नाई हां. तिनं तोंडानं आई म्हनावं, हे मले अजूनबी पाह्यजे. तुमी असते त आजबी भांडली असती.

आता परवाचं सांगते. ते सांगाले दुसरं कोनी नाई मले.

मी चुलीपुढं होती. आत्याबाई पडल्या होत्या. हे बाहेर टेम्पोचं चाक खोलून बसले होते. आन् पायाखालची जमीन थरथरली. खरं सांगते, एक घडी मलेबी वाटलं तुमी आले. हातातलं पीठ तसंच, मी उभी राह्यली. मंग आवाज आला. आरा रिकामा फिरला की कसा किंचाळते, लाकूड नसते ना त्याच्या तोंडात, तसा. मी पळाली. पत्र्याचं फाटक जरासं उघडं, लेकरू शिरन एवढं. एका ओंडक्यावर चढून तिनं हिरवं बटन दाबलं होतं. तुमी दाबत होते ते पाहून पाहून.

ती तुमच्या जागेवर उभी होती. पात्याकडं पाठ करून. पट्टा तिच्या मागं पळून राह्यला होता, त्याच्या वाऱ्यानं तिच्या फराकाची झालर हालून राह्यली होती, आन् ती पाहून राह्यली होती फाटकाकडं. आरा चालू केला ना तिनं, मंग आता तुमी याले पाह्यजे. मी फाटकात आली, तिनं माझ्याकडं पाह्यलं आन् माझ्या मागं पाह्यलं, कोन हाये म्हनून.

मी वरडली. पियूऽ, हालू नोको! आन् वरडून काय, तिले ऐकू येते का? मी पळत गेली असती त तिले वाटलं असतं पकडापकडी, रोजच्यावानी हासत मागं सरकली असती, आन् मागं पट्टा. मी तिथीच खिळली. हात वर केला, कसा करू ते समजेना, मूठ का पंजा, पंजा का बोटं, एवढ्या वेळा पाह्यलं होतं आन् ऐन वक्ताले माझ्या हाताले काईच येईना. हात हवेत तसाच राह्यला आन् ती माझ्या हाताकडं पाहून हासाले लागली. एक पाय मागं घेतला तिनं.

माझ्या खांद्यावरून यायची मूठ वर गेली. घट्ट. थांब.

पोरगी जिथल्या तिथी दगड झाली. एक पाय अर्धा उचललेला, तसाच.

यायनं मेनचा खटका पाडला. पातं हळूहळू थांबलं. मी तिले उचलून बाहेर आनलं, छातीशी धरलं, मारलंबी, पापेबी घेतले, मले समजत नव्हतं मी काय करून राह्यली. आन् पियू माझ्या खांद्यावरून त्या थांबलेल्या मशीनीकडं हात करून करून रडे. तिले वाटलं, आमीच बंद केली, म्हनून तुमी नाई आले.

यायनं फाटकाले कुलूप लावलं. मी पोरीले घरात नेलं. पन दोघायलेबी समजलं, आता सांगाच लागन. नाई सांगितलं त ही पोरगी पुन्हा जाईन. खटका पाडला, कुलूप लावलं, त पत्र्याखालून शिरन. तुमाले बलावाचा तिले हा एकच रस्ता माहीत हाये.

काल युसूफचाचा आले. तुमी गेल्यापासून ते आऱ्यात जातच नाई, फाटकाबाहेरच्या ओंडक्यावर बसतात. यायच्या मागं उभी न राहता मी पहिल्यांदाच त्यायच्यापुढं जाऊन बोलली. जोरानं बोला लागते त्यायच्यासंगं. म्हनलं, "चाचा, आऱ्यावर कोनी मेलं त काय इशारा करत होते तुमी दोघं?"

चाचानं मान हालवली. म्हने, "नहीं था बेटा."

"अशे कसे नाई? एवढे इशारे होते. चहाचा, पान्याचा, आत्याबाईचाबी."

"आऱ्यावर मौत का नाम नहीं लेते थे. पातं फिरते तिथी मरनाची बात करत नाई. कोनाची खबर आली त पहिले मशीन बंद, मंग हात धोये, मंग भाईर रस्त्यावर, आन् तिथी मुँह से बोलते थे. माझी अम्मी गेली तवा बड़े भाईनं मले रस्त्यावर नेलं, माझ्या कानाजवळ वरडून सांगितलं. सारे गाँव ने सुना, फिर मैंने सुना." आन् चाचा हासले जरासे, आन् मंग त्यायले हासता आलं नाई.

म्हनजे पाहा मामाजी. सगळ्या गोष्टीचा इशारा केला तुमी, आन् जो पाह्यजे होता तोच नाई केला. मुद्दाम नाई केला. आता त्या लेकराच्या कानाजवळ किती वरडू मी?

मंग चाचाच म्हनले. पातं कानस घासून घासून बारीक होते, मंग एक दिवस ते धार धरत नाई, आन् ते उतरवतात, ते पुन्हा कधी चढवत नाई. त्याचा इशारा हाये. हात वरून खाली आनाचा आन् भिताकडं उलटा करून रिकामा सोडाचा. पातं उतरलं. पन ते सांगाले त्यायले जड जाऊन राह्यलं होतं. "बड़े भाई को मैं पाता बोलूँ?" म्हने. मी म्हनलं, चाचा, बोला. नाईतर माझी पोरगी जाईन.

त्यायनं मले शिकवलं. फाटकाबाहेर, दिवसाउजेडी, येनारेजानारे पाहून राह्यले होते. माझा हात आखडे. चाचा म्हनत, "ऐसा नहीं, ढीला छोड़ो, अभी पकड़ के रखा है तुमने."

हे सगळं सकाळी तुमाले सांगून झालं, आन् दुपारी नेलं तिले आऱ्यात. हे संगं होते, चाचाबी आले, तुमी गेल्यावर पहिल्यांदा. मेनचा खटका काढून ठेवला हाये. पियू आत गेल्या गेल्या बटनाकडं निंगाली, मी तिले पकडून समोर बसवलं. तुमचा इशारा मले येत होता, दुपट्टा कानावरून गुंडाळाचा, तो सगळ्या गावाले येते. तो केला. तिचे डोये मोठे झाले. मंग मी हात वरून खाली आनला, भिताकडं उलटा केला आन् ढिला सोडला.

ती उठली. भिताकडं गेली, तिथी जुने उतरलेले पाते टांगले हायेत, गंजलेले, त्यायले एकेकाले बोट लावून आली. माझ्यापुढं उभी राहून दोन मुठी एकमेकीले जोडल्या. मी चाचाकडं पाह्यलं. म्हने, "बोलती है, जोड दो." तुटलेलं पातं जोडतात ना, तसं. मी हात हालवला, नाई. तुटलं नाई बाई, उतरलं. पुन्हा करून दाखवलं. तिनं माझा हात दोन्ही हातायनं धरला, उलटसुलट करून पाह्यला, त्याच्यात काई हाये का म्हनून. काई नव्हतं. मंग तिनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं. मी रडत होती. तिच्यापुढं रडाचं नाई असं ठरवून आली होती, पन बरं झालं रडली, कारन तवा तिले खरं वाटलं. तिचं तोंड वाकडं झालं. आवाज नाई, नुसता व्हट थरथरला, मंग सगळं अंग. मी तिले धरलं. चाचा फाटकाकडं तोंड करून उभे. हे तिथीच लाकडावर बसले.

लय वेळानं ती माझ्या मांडीवरून उतरली, नाक पुसलं, तुमच्या जागेवर जाऊन उभी राह्यली, आन् समोरच्या रिकाम्या जागेकडं हात लांब करून बोटं उघडझाप केली. मले नाई समजलं. चाचा जवळ आले. म्हने, "पूछती है, सामने कौन? रोज सकाळी हेच इचारत होतो आमी. आरा अकेले से नहीं चलता."

समोर कोन. मी छातीवर हात ठेवला. मी.

पियूनं मान हालवली. नाई. मले वाटलं मी नोको तिले. पन ती जवळ आली, माझा छातीवरचा हात काढला, माझ्या कपाळावर नेऊन ठेवला आन् तिथून मागं, केसावरून मानेपर्यंत फिरवला. पुन्हा केलं. माझ्याकडं पाह्यलं, आता म्हन, असं. मी चाचाकडं पाहते त ते डोये पुसून राह्यले.

"तुम हो बेटा," म्हने. "पदर घेनारी. बड़े भाईनं तुमचं नाव ठेवलं होतं. दिवसातून कितीक बार घेत. हिच्याकडं जा, हिले चहा सांग, ही रागावली, हिले आज बरं नाई, मशीन बंद ठेव."

मामाजी, एवढ्या वर्सात तुमी मले नावानं हाक मारली नाई, सुनेले कोन मारते, पियूची माय एवढंच. आन् तिकडं माझं नाव होतं. माझ्या पोरीले माझं नाव येत होतं, ती मले त्याच नावानं सांगत होती, बलावत होती, आन् मी आई म्हन, आई म्हन करत तिच्या व्हटाकडं पाहून राह्यली होती.

मी हात कपाळावर नेला. केसावरून मागं आनला. मी. समोर मी.

पियूनं नीट पाह्यलं, आन् माझं कोपर जरासं वर उचलून दिलं.